रोमन नाणे आणि मातीचे नाणे

नाण्याला दोन बाजू असतात असे आपण म्हणतो. रोमन नाण्याच्या एका बाजूला सम्राटाचे डोके असते आणि दुसऱ्या बाजूला त्याची देवता, त्याची आई किंवा त्याचे वारस. दोन्ही बाजू राज्यकर्त्याच्याच. ज्या हातांतून ते नाणे फिरले, ज्यांच्या श्रमाच्या मोबदल्यात ते समुद्र ओलांडून इकडे आले, त्यांच्यासाठी नाण्यावर जागा नसते. तरीही आपल्याकडे स्थानिक इतिहास लिहिताना हेच नाणे मोठ्या मानाने साक्षीला उभे केले जाते. एखाद्या गावाच्या पांढरीत रोमन नाणे सापडले की त्या गावाला एकदम दोन हजार वर्षांचे मोठेपण चढते. वर्तमानपत्रात बातमी येते, भाषणे होतात, आमचे गाव रोमशी व्यापार करीत होते असे अभिमानाने सांगितले जाते. या 'आमचे' शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो प्रश्न मला येथे विचारायचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. नाण्यावर काय छापले आहे हे रोमचा इतिहास सांगते. ते नाणे आपल्या भूमीवर उतरल्यानंतर त्याचे काय केले गेले, हे आपला इतिहास सांगते. इथे ते छिन्नीने कापले गेले, मुशीत वितळवले गेले, त्याच्याच धर्तीच्या नाण्यांवर नवे छाप मारले गेले, आणि शेवटी त्याची मातीत नक्कल झाली. या चार क्रियांचा अर्थ नीट लावला तर ज्यांना इतिहास नाही असे सांगितले जाते, त्यांच्या इतिहासाची वाट सापडू शकते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांपैकी फार मोठा भाग दक्षिणेतला आहे. तामिळनाडूतील कोइम्बतूर आणि करूरचा परिसर, तसेच आंध्र-तेलंगणाचा प्रदेश ही त्यांची प्रमुख ठिकाणे. चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस या दोन सम्राटांची नाणी सर्वाधिक, म्हणजे इ. स. पूर्व २७ ते इ. स. ३७ या काळात पाडलेली. तेलंगणातील नलगोंडा भागात अक्कनपल्ली येथे चांदीची दीड हजारांवर नाणी एका ठिकाणी मिळाली. पुदुकोट्टई संस्थानात १८९८ साली सोन्याची ५०१ नाणी सापडली. महाराष्ट्रात असे मोठे साठे विरळ. सोलापूरकडील दारफळ येथे सेप्टिमिअस सेव्हरस या सम्राटाची सोन्याची नाणी मिळाली, पण कोइम्बतूरकडे जशी चांदीची रास सापडते तशी दख्खनच्या पश्चिम भागात सापडत नाही. या विरळपणालाही अर्थ आहे, तो पुढे पाहू.

हा पैसा इकडे का येत होता याची तक्रार खुद्द रोमन लोकांनीच करून ठेवली आहे. टायबेरियसने इ. स. २२ मध्ये सेनेटला लिहिलेल्या पत्रात, श्रीमंत बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांच्या घरी जातो अशी खंत केली. पुढे प्लिनीने हिशेबच मांडला. भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, असे तो एके ठिकाणी म्हणतो. दुसऱ्या ठिकाणी भारत, चीन आणि अरबस्थान मिळून दहा कोटींचा आकडा देतो. आपल्याकडील अनेक इतिहासकारांना ही तक्रार प्रशस्तिपत्रासारखी वाटते. रोमचे सोने आमच्याकडे वाहत होते, म्हणून तो आमचा सुवर्णकाळ, असा त्यांचा साधा हिशेब असतो. सोने वाहत होते हे खरे. पण पाणी जसे उताराकडे धावते तसे सोनेही एका ठराविक दिशेनेच धावते. ते कोणाच्या शेतात शिरले आणि कोणाच्या बांधावरून नुसतेच वाहून गेले, हे पाहिल्याशिवाय त्या काळाला सोन्याचा म्हणणे म्हणजे पाटलाच्या हिरव्या मळ्याकडे बोट दाखवून सारा गाव सुखी आहे असे सांगण्यासारखे आहे.

इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्र आणि हिंदी महासागर यांतील प्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिच्यात आपले पैठण आहे, आपले तेर आहे, सोपारा, कल्याण आणि चौलही आहेत. बरिगाझा म्हणजे भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तेर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून साधे कापड व तलम मलमल मोठ्या प्रमाणावर भडोचला येते. आणि हा माल धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांवर लादून आणला जातो, असेही तो नोंदवतो.

धड रस्ते नसलेला मुलूख! परक्या व्यापाऱ्याच्या या नोंदीत आपल्या पूर्वजांचा घाम आहे. महिन्याभराची वाट. घाट, नद्या, चिखल. गाडी रुतली की खांदा कोणी दिला? बैलांना वैरण कोणी घातली? तेरचे कापड म्हणजे तरी काय? कोणीतरी कापूस वेचला, कोणा बायांनी तो पिंजला आणि कातला, कोणी मागावर बसला, कोणी धुतले, कोणी रंगवले. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननात हस्तिदंती स्त्री-मूर्तीचा अवशेष मिळाला. अशाच धर्तीची मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात, सापडली होती. या मूर्तीवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले. ती लक्ष्मी की यक्षी, ती कोठे घडली, यावर वाद झाले. ती कोरताना ज्याचे डोळे गेले असतील तो मात्र त्या चर्चेत कोठे नाही.

याच मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, आणि सोन्याचांदीची नाणी. ही नाणी स्थानिक चलनात बदलली तर फायदा होतो, असेही तो व्यापारी जाता जाता सांगतो. त्यानंतर राजासाठी आणायच्या वस्तू आहेत: चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी देखण्या मुली. दारू आणि भांडी यांच्या ओळीत माणसे बसवली आहेत. त्या मुली कोणत्या देशाच्या होत्या, कोणत्या आईच्या होत्या, हे यादीला ठाऊक असण्याचे कारण नाही. व्यापाराच्या वैभवाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही ओळ वगळू नये एवढेच माझे म्हणणे आहे. ज्यांना माणूस म्हणून न मोजता वस्तू म्हणून मोजले गेले, त्यांच्याशी आमचे नाते देशाच्या सीमा ओलांडून जुळते.

आता नाण्याच्या चार क्रियांकडे वळू. पहिली क्रिया कापण्याची. पुदुकोट्टईच्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर छिन्नीचा घाव आहे, आणि तो नेमका सम्राटाच्या मस्तकावर आहे. अक्कनपल्लीच्या काही चांदीच्या नाण्यांवरही असे घाव आहेत. नाणे चलन म्हणून बाद करून त्याला निव्वळ धातू ठरवण्यासाठी हे केले असावे, असे मत अभ्यासक मांडतात. रोममध्ये ज्या डोक्यापुढे माना झुकत होत्या, त्या डोक्याला इथल्या सोनाराच्या किंवा सराफाच्या ओट्यावर काडीचीही किंमत नव्हती. किंमत होती वजनाला. मला या घावात एक मोठा धडा दिसतो. सत्तेचे देवपण तिच्या हद्दीपुरते असते. हद्दीबाहेर देवाचाही दगड होतो आणि सम्राटाचाही तुकडा होतो. ज्यांच्या डोक्यावर शतकानुशतके कोणाचे तरी देवपण लादले गेले त्यांनी ही नाणी जरूर पाहावीत.

दुसरी क्रिया वितळवण्याची आणि तिसरी छाप मारण्याची. या दोन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या. दख्खनच्या पश्चिम भागात रोमन चांदी फारशी का सापडत नाही? एक उत्तर असे दिले जाते की ती इथे आली आणि मुशीत गेली. क्षहरात क्षत्रप नहपान याने चांदीची नाणी विपुल पाडली. त्यांच्या एका बाजूला राजाचे डोके आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. या चांदीचा बराच भाग समुद्रावाटे आलेल्या नाण्यांचा असावा, असे अभ्यासक मानतात. सामान्यांच्या बाजारहाटाचे चलन मात्र वेगळे होते. सातवाहनांची बहुतेक नाणी शिशाची, तांब्याची आणि पोटीन या मिश्र धातूची. म्हणजे वर चांदी, खाली शिसे. समाजाची उतरंड धातूंतही उतरलेली दिसते.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांची तीन कमानींची टेकडी बसली आहे. राज्य बदलले याचा इतका ढळढळीत पुरावा क्वचितच मिळतो. इतिहासाच्या पुस्तकांत हा साठा परकीयांवरील विजयाची खूण म्हणून येतो.

पण त्याच गौतमीपुत्राविषयी त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील शिलालेखात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, याचा त्या लेखात गौरव आहे. लेख कोरला आहे बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्यात, आणि गौरव आहे वर्णांची सरमिसळ थांबवण्याचा. हा विरोधाभास आपल्या इतिहासलेखकांनी फारसा खोलात जाऊन तपासला नाही. मला त्यातून दोन निष्कर्ष दिसतात. पहिला असा की, एखादी गोष्ट थांबवली म्हणून राजाची स्तुती होते तेव्हा ती गोष्ट तोवर चालू होती हे आपोआप सिद्ध होते. म्हणजे त्या काळी वर्णांची सरमिसळ चालू होती. समुद्रावरचा व्यापार, नव्या पेठा, परक्यांची वर्दळ आणि हातात खेळणारा पैसा यांनी जन्माच्या भिंतींना भेगा पाडल्या होत्या. दुसरा निष्कर्ष असा की, नाण्यावरचा छाप बदलणारी सत्ता समाजावरचा छापही पुन्हा घट्ट मारू पाहत होती. जोगलटेंभीचे नाणे आणि बलश्रीचा लेख एकत्र वाचले म्हणजे राजकीय विजय आणि सामाजिक मुक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळते. परकीय गेला म्हणून दलित सुटला असे तेव्हाही झाले नाही आणि १९४७ सालीही झाले नाही.

भेगा पडल्या होत्या असे मी म्हणतो ते कशावरून? त्याचे पुरावे लेण्यांतच आहेत. नहपानाचा जावई ऋषभदत्त याचा नाशिकच्या लेण्यातील लेख घ्या. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ठेव कोणाकडे ठेवली? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे व्याज वर्षाला दोनशे चाळीस होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे वस्त्रासाठी मिळायची. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख आहे. याच लेखातील दुसऱ्या दानाच्या नोंदीवरून एका सुवर्णाला पस्तीस कार्षापणे हा दरही कळतो. तेथे देवांना आणि ब्राह्मणांना सत्तर हजार कार्षापणे, म्हणजे दोन हजार सुवर्णांचे मोल दिल्याचे नमूद आहे.

या लेखाकडे मी दोन नजरांनी पाहतो. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या श्रेणीकडे विश्वासाने ठेवतो, हे विणकरांचे मोठेपण. त्यांची संघटना होती, पत होती, पेढीसारखा कारभार होता. पुढे ज्या जातींच्या स्पर्शाची आणि शब्दाची किंमत शून्य ठरवली गेली त्यांतल्या कैकांचा व्यवसाय हाच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे किती उंचीवरून किती खाली ढकलले गेले याची कल्पना येते. दुसरी नजर अशी की, ते दोनशे चाळीस कार्षापणांचे व्याज आभाळातून पडत नव्हते. दानाचे पुण्य ऋषभदत्ताच्या नावावर जमा झाले आणि व्याज मागावर बसलेल्यांनी वर्षानुवर्षे फेडले. दानशूर म्हणून एकाचे नाव दगडावर राहिले. ज्यांनी ते दान प्रत्यक्ष चालवले त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्या लेखात नाही.

इतर ठिकाणी मात्र नावे आहेत, आणि ती वाचताना ऊर भरून येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, आणि त्याच धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केलेले प्रवेशद्वाराचे काम आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दाने आहेत आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. नाशिकला मुगुदास नावाच्या 'दासकाने' कुटुंबासह लेणे दिले. दासक म्हणजे मासेमार असा अर्थ लावला जातो. आणि सातवाहनांच्याच राज्याच्या पूर्व टोकाला, कृष्णेच्या काठी अमरावतीच्या स्तूपावर, विधिक नावाच्या चर्मकाराचे दान आहे. नाग नावाच्या उपाध्यायाचा हा मुलगा. त्याने आपल्या आईसह, बायकोसह, भावांसह आणि लेकरांसह पूर्णघटाची शिळा अर्पण केली, आणि आपला धंदा लपवला नाही. चामड्याचे काम करणारा माणूस, ज्याचा बाप शिकवणारा होता, तो बुद्धाच्या स्तूपावर स्वतःच्या नावाने उभा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास झाला असा सिद्धान्त मांडला. बौद्ध धम्म आणि ब्राह्मणी धर्म यांच्या संघर्षाशी त्यांनी तो जोडला. रोमन नाण्यांचा मोठा ओघ येऊन गेला तो त्याआधीच्या शतकांत. विधिक चर्मकार त्याच काळातला. एका शिळेवरून सारा सिद्धान्त सिद्ध होतो असे मी म्हणत नाही, आणि त्या काळी सर्व आलबेल होते असेही म्हणत नाही. भडोचच्या यादीतल्या मुली आणि बलश्रीचा लेख मी वर सांगितलाच आहे. परंतु बाबासाहेबांच्या सिद्धान्ताची तपासणी ज्या जागी व्हायला हवी ती जागा हीच आहे. नाण्यांच्या साठ्याशेजारी दानलेखांची ओळ ठेवून, शतकामागून शतक, कारागिरांची नावे कोठे दिसतात आणि कोठे नाहीशी होतात हे पाहिले पाहिजे. ज्या शतकात सुताराचे, मासेमाराचे आणि चर्मकाराचे नाव दगडावरून पुसट होते, त्या शतकात काय घडले? हा प्रश्न राजांच्या वंशावळीपेक्षा आम्हाला अधिक जवळचा आहे.

चौथी क्रिया मातीची. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे, तेलंगणातील कोंडापूर येथे आणि ओडिशातील शिशुपालगड येथे रोमन नाण्यांची मातीतली नक्कल सापडली आहे. साच्यात दाबून काढलेली आणि भाजलेली छोटी चकती. तिच्यावर रोमन नाण्याचा ठसा आणि दोऱ्यात ओवण्यासाठी भोक किंवा कडी. गळ्यात घालायचे लटकन. कोंडापूरच्या चकत्यांवर टायबेरियसच्या नाण्याचा ठसा ओळखता येतो. आपल्याकडे नाणी गळ्यात घालण्याची हौस फार जुनी आहे. पुढे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना मराठीत पुतळी म्हटले गेले आणि तिची माळ झाली. ज्यांच्या घरी सोने होते त्यांनी सोने ओवले. ज्यांच्या घरी नव्हते त्यांनी माती ओवली.

सगळ्या रोमन नाण्यांत मला हे मातीचे नाणे सर्वांत मोलाचे वाटते. ते व्यापाऱ्याने आणले नाही, राजाने पाडले नाही. ते इथल्या मातीतून इथल्या हातांनी घडवले. त्याला बाजारात किंमत नव्हती, म्हणून ते कोणी लुटले नाही, वितळवले नाही. सोन्याचे नाणे परदेशाशी आलेला संबंध सांगते. मातीचे नाणे इथल्या माणसाच्या मनातली आशा सांगते. दुसऱ्याच्या गळ्यातली चमक पाहून आपल्यालाही सुंदर दिसावेसे वाटले अशा कोणा बाईचे ते नाणे आहे. तेर हे पुढे गोरोबाकाका कुंभारांचे गाव म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. त्या गावच्या मातीला हाताळणाऱ्या हातांची परंपरा गोरोबाकाकांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे मागे जाते, हे या चकत्या दाखवतात.

आणि मातीचा दागिना म्हटला की आमच्या आयाबायांना वेगळे काही सांगावे लागत नाही. सोने घेण्याची ऐपत नसणे ही एक गोष्ट; सोने घालण्याची मनाई असणे ही दुसरी. ज्या पुदुकोट्टईला ५०१ सुवर्णनाणी सापडली, तिच्याच शेजारच्या रामनाड भागात १९३० साली सवर्ण कल्लर लोकांनी आदि-द्रविडांवर बंधनांची यादी लादली. सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत हे त्या यादीतले एक बंधन होते. मुलूख तोच, सोने तेच. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी ते रोमहून तिथवर पोचले. पण शेजारच्या वस्तीतल्या बाईच्या गळ्यापर्यंत १९३० पर्यंत पोचू दिले गेले नाही. समुद्रापेक्षा जात रुंद आहे, याहून दुसरा पुरावा कोणता हवा?

आता आजच्या स्थानिक इतिहासाकडे येतो. मराठवाड्यातील एका गावी मी मास्तर असताना गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायचे ठरले. जुनी नाणी, पांढरीत सापडलेली खापरे, मणी यांची नोंद झाली. देवळे, वाडे आणि घराणी यांवर प्रकरणे झाली. आमच्या वस्तीविषयी दोन पाने असावीत असे मी सुचवले, तेव्हा तुमच्या वस्तीचा लेखी पुरावा नाही, असे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. त्याला ते खरेच वाटत होते. म्हणून तर ते अधिक लागले. ज्यांना लिहू दिले नाही त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा, आणि तो नाही म्हणून त्यांना पुस्तकाबाहेर बसवायचे. गावकुसाबाहेरची रीत पुस्तकातही पाळली गेली.

पण पुरावा खरोखरच नाही काय? माझे आजोबा येसकर होते. गावाची शीव त्यांना तोंडपाठ होती. कोणत्या ओढ्यापासून कोणत्या दगडापर्यंत, हे ते अंधारातही सांगत. शिवेच्या तंट्यात महाराचा शब्द मानला जाई, आणि त्याच महाराची सावली टाळली जाई. १९५८ साली कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली आणि आम्ही त्या जोखडातून सुटलो, हे उत्तम झाले. मात्र त्या वतनाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या साठलेले जमिनीचे ज्ञानही विसरले जात आहे. कोणत्या टेकाडावर राख निघते, कोणत्या विहिरीत जुन्या विटा लागल्या, कोणत्या शेताला काय नाव आहे, हे सांगणारे म्हातारे आमच्या वस्त्यांत होते आणि काही अजूनही आहेत. त्यांच्याकडे पुरावा म्हणून कोणी पाहिले नाही.

नाणे सापडते तेव्हा ते कोणाला सापडते हेही पाहावे. विहीर खणणाऱ्याला, रस्त्यावर खडी फोडणाऱ्याला, नांगर धरणाऱ्याला, पांढरीची माती उकरणाऱ्या बाईला. १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा सापडला तर सापडवणाऱ्याने कलेक्टरला कळवावे लागते. आणि जमीनमालकाशी त्याचा वेगळा करार नसेल तर ठेव्याचा तीन चतुर्थांश भाग सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला, अशी त्यात तरतूद आहे. कायद्याने खणणाऱ्याला मोठा वाटा दिला. पण किती मजुरांना हे माहीत आहे? पोलिसांचे भय आणि मालकाचा दरारा यांपायी कितीतरी ठेवे रातोरात सोनाराच्या मुशीत जातात आणि इतिहास वितळून जातो. जे उरतात ते काचेच्या पेटीत जाऊन बसतात. पाटीवर सम्राटाचे नाव, धातूचे नाव, गावाचे नाव येते. ज्याच्या कुदळीने ते वर आले त्याचे नाव पाटीवर पाहिल्याचे मला आठवत नाही.

भीमराव आंबेडकर नावाच्या तरुण विद्यार्थ्याने १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी प्राचीन भारतीय व्यापार हा विषय अभ्यासला होता, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आला. नाणे, चलन, व्यापार हे विषय आमच्यासाठी परके नाहीत. आमच्या चळवळीचा सर्वांत मोठा विचारवंत त्याच वाटेने पुढे आला. पैसा कोठून येतो, कोणाकडे जातो आणि कोणाच्या कष्टाची किंमत पाडून जातो, हे त्यांनी अर्थशास्त्राच्या भाषेत विचारले. तेच आपण आपल्या गावाच्या भाषेत विचारू शकतो.

म्हणून माझी विनंती आपल्या शिकणाऱ्या मुलामुलींना आहे. इतिहास आणि पुरातत्त्व हे विषय कोणाचे तरी राखीव कुरण आहेत असे समजू नका. ब्राह्मी लिपी काही महिन्यांच्या अभ्यासाने वाचता येऊ लागते. कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरी येथे सहलीला जाता तेव्हा खांबांवरची कारागिरांची नावे स्वतः वाचा आणि घरी येऊन म्हाताऱ्यांना सांगा. आपल्या शिवारात नाणे, मणी, खापर सापडले तर जागा, खोली, तारीख आणि सापडवणाऱ्याचे नाव वहीत लिहून ठेवा. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडून शेतांची, ओढ्यांची, टेकाडांची नावे उतरवून घ्या. गावाच्या इतिहासाची पुढची पुस्तिका निघेल तेव्हा ही वही टेबलावर ठेवा. लेखी पुरावा कोठे आहे असे पुन्हा कोणी विचारले, तर तो हाच.